रवी वर्मांचं खरं काम कुठलं: कॅनव्हासवरचं की देवघरातलं?

शुक्रवारपेठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

राजा रवी वर्मांचा विषय निघाला की बोलणं दोनच वाटांनी जातं. एक तर 'युरोपचे तैलरंग आणि आपल्या पुराणकथांचा संगम' म्हणून हात जोडायचे, नाहीतर 'कॅलेंडरवरचे देव' म्हणून नाक मुरडायचं. मला दोन्ही पटत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. रवी वर्मांनी कॅनव्हासवर केलं ते अर्धं काम. उरलेलं आपल्या मावळात, मळवलीच्या छापखान्यात झालं, आणि तिथून निघालेले कागद ज्या घरांत गेले त्या घरांनी ते पुरं केलं. देवघरातल्या छापील चित्राला 'नक्कल' म्हणून बाजूला काढलं तर या चित्रकाराचं मोठेपण कळणारच नाही.

ज्यांनी फक्त नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडं मागचं. जन्म १८४८, त्रावणकोरातलं किळिमानूर. मामा राजा राज वर्मा तंजावर पद्धतीने चित्रं काढायचे, पहिले धडे त्यांच्या हाताखाली. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मामा त्यांना तिरुवनंतपुरमच्या दरबारात घेऊन गेले. तिथे तैलरंग होते, शिकवायला मात्र कुणी राजी नव्हतं. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी हातचं राखलं. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार राजघराण्याची चित्रं काढायला आला, त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम चालू असताना बघायला हरकत घेतली नाही. ज्याला आपण त्यांचं पाश्चात्य शिक्षण म्हणतो ते या माणसाने असं बघून बघून मिळवलं. आणि पाचच वर्षांत, १८७३ साली, मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक आणि व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस.

आता त्यांची लक्ष्मी डोळ्यापुढे आणा, १८९६ ची. परंपरेतली गजलक्ष्मी समोर तोंड करून बसलेली असते, दोन्हीकडे हत्ती, वरून पाण्याच्या धारा, डावं-उजवं अगदी सारखं. रवी वर्मांनी तिला उभी केली. हत्ती एकच ठेवला, तोही कडेला, सोंडेत हार धरून. कमळ आहे, पण खऱ्याखुऱ्या पाण्यात. मागे झाडी, आकाश. हात चार, वरच्या दोन हातांत कमळं, म्हणजे शास्त्र कुठेही सोडलेलं नाही. पण साडी बघा. निऱ्या खाली येतात तिथे चुणीचुणीत सावली आहे, कापडाचं वजन कळतं. ही देवी एका ठरावीक जागी, ठरावीक उजेडात उभी आहे. आधीच्या देवतांना जागा नसायची, सोनेरी किंवा सपाट रंगाची पार्श्वभूमी असायची. माझ्या मते सगळा बदल या एका गोष्टीत आहे.

छपाईची कल्पना मूळची सर टी. माधवरावांची. तंजावरचे मराठी गृहस्थ, आधी त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण. त्यांनी रवी वर्मांना लिहिलं होतं की तुमच्या चित्रांना मागणी एवढी आहे की दोन हातांनी पुरी होणार नाही, निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रवी वर्मांनी युरोपात पाठवण्याऐवजी यंत्रं आणि कारागीरच जर्मनीहून आणले. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला, पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. मग मुंबईत प्लेग आला, आणि १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. भाज्याच्या लेण्यांना, लोहगडाला जाताना आपण लोकलमधून उतरतो तीच मळवली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, आमच्या वाड्याचं पुनर्विकासाचं काम निघालंय आणि माळ्यावरून एक तसबीर खाली आलीय. हीच लक्ष्मी. साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या, कपाळावर कुंकवाचे वर्षानुवर्षांचे थर. घरात एकमत आहे की 'छापील आहे, देऊन टाका'. मला ती ठेवायची आहे. जाणकारांनी सांगावं, ती त्या काळची आहे हे कसं ओळखायचं आणि जपायची कशी. आणि वरचं माझं म्हणणं कुणाला पटत नसेल तर तेही जरूर लिहा.

---

रंगरेषा

उत्तम धागा. चित्रकला शिकवतो, म्हणून रंगांपुरतं बोलतो.

तंजावरचं त्यांच्यात काय उरलं असं मुलं विचारतात. मी सांगतो, दागिने बघा. तंजावर चित्रात दागिना हा चित्राचा मान असतो, तिथे सोन्याचा वर्ख आणि खडे प्रत्यक्ष लावतात, दागिना पृष्ठभागावर उंचावून येतो. रवी वर्मांनी वर्ख सोडला, दागिन्याचा मान सोडला नाही. पिवळा, तपकिरी आणि टोकाला पांढऱ्याचा एक ठिपका, एवढ्यावर ते सोनं उभं करतात. युरोपातला अकादमिक चित्रकार चेहऱ्यावर उजेड आणतो आणि दागिना अंधारात सोडून देतो. रवी वर्मांचा हात दागिन्यावर चेहऱ्याइतकाच वेळ थांबतो. हे मामाकडचे संस्कार.

दुसरं म्हणजे पोशाख. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८८८ मध्ये पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं करायला सांगितली. तेव्हा द्रौपदी, सुभद्रा, दमयंती काय नेसत होत्या असा प्रश्न पडला. रवी वर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजा राज वर्मा (तेही चांगले चित्रकार, दोघे बरोबरच काम करायचे) उत्तरेत हिंडले, आणि शेवटी साडीवर आले. त्यांच्या कित्येक नायिकांचं नेसणं मराठी धाटणीचं आहे. केरळचा चित्रकार, गुजरातेतलं संस्थान, मराठी राजा आणि मराठी वळणाची साडी. ही सरमिसळ पाश्चात्य-भारतीय सरमिसळीइतकीच महत्त्वाची आहे, पण तिच्याविषयी कुणी फार बोलत नाही.

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये त्यांचं १८८९ चं गायिका-वादकांचं मोठं चित्र आहे. अकरा स्त्रिया, वेगवेगळ्या प्रांतांतल्या, आपापल्या पोशाखात, आपापली वाद्यं घेऊन. जमलं तर प्रत्यक्ष बघा. पडद्यावर त्याचा आवाका कळत नाही.

---

तळजाई_टेकडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). सवडीने वाचते.

---

निगडीकर

धागा मनापासून लिहिलाय, पण मी दुसऱ्या बाजूचा.

भगिनी निवेदितांनी शकुंतलेच्या पत्रलेखनाच्या चित्रावर टीका केली होती ती आजही वाचण्यासारखी आहे. जमिनीवर अशी ऐसपैस लोळून पत्र लिहिणारी शकुंतला त्यांना खटकली. कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींनीही हे सगळं नाटकी ठरवलं. बंगालचे चित्रकार अजिंठ्याकडे आणि लघुचित्रांकडे वळले ते उगाच नाही. त्यांना जाणवलं होतं की उजेड-सावलीचं तंत्र नुसतं तंत्र म्हणून येत नाही, बघण्याची दृष्टीही बरोबर घेऊन येतं. देव माणसासारखा दिसू लागला की तो माणूसच होतो, आणि तोही एका ठरावीक वर्गातला: गोरा, भरल्या अंगाचा, दागिन्यांनी मढलेला.

माझा खरा आक्षेप छापखान्यावर आहे, म्हणजे तुम्ही ज्याला कामाचा उरलेला अर्धा भाग म्हणता त्यावरच. तंजावरची लक्ष्मी वेगळी होती, ओरिसाची वेगळी, आपल्याकडची वेगळी. छापखान्यानंतर देशभर एकच चेहरा गेला. स्वस्त, सुबक, सगळीकडे सारखा. गावोगावचे चितारी काम नसल्याने बसले. एवढं नुकसान बघितल्यावर मला त्या तसबिरींकडे निखळ कौतुकाने बघवत नाही.

---

मोडीवाचक

दोघांचंही वाचलं. दोघेही गृहीत धरताय की पाश्चात्य पद्धत आणि आपली पद्धत यांची गाठ रवी वर्मांपाशी पडली. ती पुण्यात त्यांच्या जन्माआधी पन्नास-साठ वर्षं पडली होती, शनिवारवाड्यात.

चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील. त्याला चित्रांचा नाद. त्याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार होता. १७९० मध्ये गंगारामने पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढलं. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे, तिथल्या संकेतस्थळावर बघता येतं. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आणि मग पुण्याला आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं प्रसिद्ध तैलचित्र त्याचंच. मॅलेटने पेशव्यांच्या परवानगीने वाड्यात चित्रशाळा सुरू केली, तिथे गंगाराम आणि इतर मुलं वेल्सकडे यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकली. गंगाराम वेरूळला जाऊन लेण्यांची चित्रं काढून आला, कार्ल्याचीही काढली. वेल्स १७९५ मध्ये वारला, मॅलेट मायदेशी गेला, आणि सगळं विस्कटलं.

गंगारामची चित्रं बारकाईने बघितली की फार आनंद होतो. लेण्यातले खांब मागे मागे जाताना लहान होतात, हे तो इंग्रजांकडून शिकलेला. पण माणसं काढताना त्याची रेघ आपलीच, एकसंध, बंदिस्त, आपल्या पोथ्यांतली. दोन्ही हात एकाच कागदावर दिसतात. रवी वर्मांमध्ये सांधा दिसत नाही, गंगारामकडे दिसतो. मला वैयक्तिक गंगाराम जास्त जवळचा.

दुसरा मुद्दा छापखान्याचा. मळवलीच्या आधी पुण्यात चित्रशाळा छापखाना होता. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर काढला, पुढे वासुकाका जोशींनी चालवला. सदाशिव पेठेतलं हे नाव जुन्या मंडळींच्या तोंडी अजून असेल. रामपंचायतन हे त्यांचं गाजलेलं चित्र. शिवाजी महाराज, पेशवे, नाना फडणवीस हेही छापले. त्यामागे उघड स्वदेशी भूमिका होती, इतिहास आणि देव घरोघरी पोचवायचे ही. चित्रशाळेचं रामपंचायतन शेजारी ठेवून रवी वर्मांचा राम बघा. चित्रशाळेत सगळे एका ओळीत, समोर बघणारे, रंग सपाट, दरबाराची मांडणी पेशवाई. पूजेला अगदी योग्य. रवी वर्मांकडे प्रसंग आहे, वारा आहे, कुणीतरी कुणाकडे तरी बघतंय.

निगडीकर म्हणतात तसं नुकसान झालं असेल तर त्याची सुरुवात पुण्यानेच केली असं म्हणावं लागेल.

---

शुक्रवारपेठी

मोडीवाचक, गंगारामबद्दल एवढं तपशिलात पहिल्यांदाच वाचायला मिळालं. फार आभार. गेंड्याचं चित्र बघितलं. कातडीच्या घड्या त्याने दागिन्याच्या नक्षीसारख्या निगुतीने काढल्यात.

निगडीकर, तुमच्या आक्षेपावर कालपासून विचार करतेय. चेहरा एक झाला हे खरं. पण घरांनी तो एक राहू दिला का? आमच्याच घरात ही लक्ष्मी वर्षभर भिंतीवर असायची, आणि भाद्रपदात गौरी यायच्या त्या खड्यांच्या. नदीवरून खडे आणून त्यांची पूजा. शेजारच्यांकडे तेरड्याच्या, समोर पितळी मुखवट्यांच्या. रवी वर्मांच्या लक्ष्मीने खड्यांना बाजूला केलं नाही, दोघी नांदल्या. आणि तीच लक्ष्मी आमच्याकडे आली तेव्हा कुणीतरी बसून तिला जर लावली, टिकल्या लावल्या. तैलरंगाने जो भास निर्माण केला होता त्यावर बाईने खरं सोनेरी कापड चिकटवलं. रंगरेषा म्हणाले ना, रवी वर्मांनी वर्ख सोडला? घरातल्या बायकांनी तो परत लावला. तंजावरचा दागिना फिरून आमच्या माळ्यावर आला. काम घरांनी पुरं केलं असं मी म्हणते ते याच अर्थाने.

---

गंजपेठेतली

एक वेगळी गोष्ट सांगते. इथे ती यायलाच हवी.

ज्यांना देवळात पाऊल टाकू देत नव्हते त्यांच्यासाठी या छापील चित्राचा अर्थ काय होता, याचा विचार कलासमीक्षक करत नाहीत. पर्वतीच्या देवळात जायला मिळावं म्हणून पुण्यात १९२९ साली सत्याग्रह करावा लागला, सत्याग्रहींवर दगडफेक झाली. आमच्या पणजीने पर्वतीचा देव कधी पाहिला नाही. पण तिच्या खोलीत रवी वर्मा छापखान्याची सरस्वती होती. खडकावर बसलेली, वीणा हातात, बाजूला मोर. ती लिहा-वाचायला शिकलेली नव्हती, तिच्या मुलाने शिकावं म्हणून ते चित्र आणलं होतं. थोड्या पैशांत, पुजाऱ्याला न विचारता, देव घरात आला. ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या भिंतीवर देवी पूर्ण, समोर, हाताच्या अंतरावर.

१९५६ नंतर आमच्या घरातून देव गेले, ते चित्रही गेलं, आणि ते योग्यच झालं असं मी मानते. त्या जागी बाबासाहेब आणि बुद्ध आले. पण पणजी ती सरस्वती कशी दिसायची ते शेवटपर्यंत सांगायची, अगदी मोराच्या पिसाऱ्यापासून.

निगडीकर, देव माणसासारखा झाला हा तुमचा आक्षेप. आमच्या बाजूने बघा. देव माणसासारखा झाला म्हणून त्याच्याकडे जायची भीती गेली.

---

निगडीकर

गंजपेठेतली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ही बाजू माझ्या मांडणीत नव्हतीच, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. चेहऱ्याबद्दलचा आक्षेप मात्र मी सोडत नाही. तुमच्या पणजीच्या भिंतीवर आलेली देवी गोरी आणि दागिन्यांनी मढलेलीच होती, ती तुमच्या पणजीसारखी दिसत नव्हती. दार उघडलं हे खरं, आणि आत आलेली बाई वरच्या घरातली होती हेही खरं. दोन्ही मनात ठेवूनच मी आता ही चित्रं बघेन.

---

गंजपेठेतली

मान्य. पणजी सावळी होती, आणि तिला ते चित्र आवडायचं.

---

शाईचा_रूळ

आमची तिसरी पिढी छपाईत, म्हणून ओळखायचं कसं या प्रश्नाला मी हात घालतो. धागाकर्त्या ताई, भिंग आणा. घड्याळजीचं चालेल, दहापट मोठं दाखवणारं असलं तर उत्तम. गालावर किंवा आकाशाच्या भागात धरा.

ऑफसेटचं, म्हणजे अलीकडचं चित्र असेल तर ठिपके शिस्तीत दिसतील. ओळीत, सारख्या अंतराने, निळा-लाल-पिवळा-काळा मिळून फुलासारख्या आकृत्या. जुनी शिळाप्रेस असेल तर ठिपके विस्कळीत दिसतील, लहान-मोठे, कुठे दाट कुठे विरळ. कारण ते माणसाने हाताने, दगडावर, एकेक करून दिलेले असतात.

पद्धत अशी होती. बव्हेरियातल्या खाणींचा बारीक कणाचा चुनखडीचा दगड आणायचे. जाड लादी, दोन माणसांनी उचलावी अशी. घासून गुळगुळीत करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, तेही उलटं. मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक ॲसिड घालून फिरवायचं. तेलकट जागा शाई धरते, बाकीची जागा पाणी धरते. ओल्या दगडावर रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. हे झालं एका रंगाचं. दुसऱ्या रंगाला दुसरा दगड. लक्ष्मीसारख्या चित्राला गालाचा गुलाबी वेगळा, साडीचा लाल वेगळा, पाण्याचा निळा वेगळा, सावलीचा तपकिरी वेगळा, असे दहाच्या वर दगड सहज लागत. एकाच कागदाला तितक्या वेळा यंत्रातून काढायचं, आधी फिके रंग, मग गडद. दर वेळी कागद केसभर जरी सरकला तरी ओठ एकीकडे आणि लाली दुसरीकडे. याला आम्ही रजिस्टर जुळणं म्हणतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन वाढतो, तेव्हा ते जुळवणं किती जिकिरीचं ते छपाईतल्या माणसालाच विचारा. आणि छापखाना कुठे, तर लोणावळ्याजवळ, जिथे पाऊस असा की कपडे आठवडाभर वाळत नाहीत! त्या कारागिरांना माझा साष्टांग नमस्कार.

सगळे रंग झाले की वरून व्हार्निश, तैलचित्रासारखी चमक यावी म्हणून. काहींवर दाब देऊन कॅनव्हासची वीणही उठवत. त्या व्हार्निशमुळेच तुमची तसबीर आता पिवळट-तपकिरी दिसत असणार.

चित्राच्या खालची पट्टी बघा. रवी वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं इंग्रजीत असू शकेल. पट्टी फ्रेमच्या आत दबलेली असते, कित्येकदा फ्रेम करताना कापूनही टाकलेली असते. पण एक लक्षात घ्या. छापखान्याचं नाव रवी वर्मा म्हणून प्रत्येक चित्र त्यांचं नसतं. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकला. त्याने पुढे धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रंही छापली, जाहिरातींची कॅलेंडरं काढली, लेबलं छापली. १९७२ मध्ये आग लागली तोवर छपाई तिथे चालू होती.

अवांतर: दादासाहेब फाळके सिनेमात जाण्याआधी लोणावळ्यात छपाईतच होते, रवी वर्मा छापखान्यासाठीही त्यांनी काम केलंय. देव हलते करण्याआधी त्यांनी ते छापले होते.

---

शुक्रवारपेठी

भिंग मिळालं. बाजारातल्या जुन्या घड्याळवाल्या काकांनी कौतुकाने दिलं.

गालावर धरलं तर अगदी तुम्ही म्हणता तसं. गुलाबी ठिपके, काही गोल, काही लांबट, मध्येच एक जागा सुटलेली. डोळ्याच्या कडेला तपकिरी ठिपके इतके बारीक की हे कुणी हाताने केलं असेल यावर विश्वास बसत नाही. हत्तीच्या कानाशी मात्र राखाडी रंग बाजूला सरकलाय, कानाला दुहेरी कड आलीय. रजिस्टर हललं ते हेच ना? आणि जरीखाली बघितलं तर साडीचा मूळचा लाल अजून टवटवीत आहे. बाहेरचा सगळा उडालाय, जर होती तेवढाच टिकलाय.

खालची पट्टी फ्रेमच्या आत आहे, मागचा पुठ्ठा काढल्याशिवाय दिसणार नाही. काढू का?

---

शाईचा_रूळ

हो, रजिस्टर हललंय. पावसाळ्यातला छापा असावा, हा माझा अंदाज. पुठ्ठा स्वतः काढू नका, कागद त्याला चिकटलेला असण्याची शक्यता फार.

---

कागदजपणूक

शाईचा_रूळ यांना जोरदार अनुमोदन. पुठ्ठ्याला हात लावू नका. संग्रहालयात कागदांची निगा राखायचं काम करते, त्यामुळे कळकळीने लिहितेय.

जुन्या तसबिरींचा सगळ्यात मोठा शत्रू मागचा पुठ्ठा आणि लाकडी फळी. त्यांतलं आम्ल कागदात उतरतं, कागद तपकिरी आणि ठिसूळ होतो, घडी पडली की तिथे तुटतो. दुसरा शत्रू ओल. तिसरा कसर, तिला जुनी खळ फार आवडते. चौथा ऊन. पाचवा शत्रू घरातलाच कुणीतरी, जो उत्साहाने ओल्या फडक्याने पुसतो.

सध्या एवढंच करा. तसबीर माळ्यावरून काढलीच आहे तर सपाट ठेवा, उभी टेकवून नको. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आत अडकते. स्वच्छ धुतलेलं सुती कापड वर टाका. बांधकामाच्या धुळीपासून लांब, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत नको. काच फुटलेली असेल तर चित्राकडे तोंड असलेले तुकडे ओढू नका. लॅमिनेशन, फेविकॉल, सेलोटेप, यांतलं काहीही नको. फ्रेमवाल्याकडे थेट देऊ नका, त्यांचा नेहमीचा इलाज म्हणजे कडा कापून नव्या पुठ्ठ्यावर चिकटवणं. कडा गेली की छापखान्याचं नावही गेलं.

कागदाच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडून पुठ्ठा सोडवून घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी केली तर दिशा मिळेल. नंतर आम्लविरहित बोर्डावर, काच आणि चित्र यांत थोडी पोकळी ठेवून फ्रेम करायची. तुमच्या चित्रावर जर आहे, म्हणून पोकळी जरा जास्त लागेल. काच जरीला टेकली तर दमट हवेत धागा काळा पडतो आणि काचेला चिकटतो.

---

शुक्रवारपेठी

सगळं लिहून घेतलं. एकच विचारायचं राहिलं. घरातल्यांचं म्हणणं, ठेवायचीच असेल तर जर आणि कुंकू काढून 'मूळ चित्र' मोकळं करून घे. तज्ज्ञ करतील का तसं?

---

कागदजपणूक

सांगितलं तर कुणीतरी करूनही देईल, पण करून घेऊ नका. जर चिकटवायला वापरलेली खळ ओली केल्याशिवाय सुटत नाही, आणि ओल लागली की व्हार्निश पांढरं पडतं, रंगही उचलला जातो. कुंकवाचा रंग एव्हाना कागदाच्या धाग्यांत गेलेला असणार, तो काढायला गेलं तर कपाळ खरवडलं जाईल.

आणि हे तुम्हीच वर लिहिलंय. बिनजरीची छापील लक्ष्मी अनेक संग्रहांत आहे. तुमच्या घरातल्या बाईने सजवलेली एवढी एकच आहे. संवर्धन करणाऱ्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: जर, टिकल्या, कुंकू, सगळं आहे तसं ठेवून काम करायचं. सुटत आलेल्या टिकल्या आहेत त्या जागी परत बसवता येतात. पडलेल्या असतील तर फ्रेमच्या तळाशी सापडतील, त्या कागदाच्या पुडीत जपून ठेवा आणि बरोबर न्या.

---

मोडीवाचक

पुडीवर आजची तारीख आणि तसबीर कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीवर असायची ते लिहून ठेवा. घरात कुणा वडीलधाऱ्यांना जर कोणी लावली ते नाव आठवत असेल तर तेही, लगेच.

आणि ज्यांना रवी वर्मांची मूळ तैलचित्रं पुण्याजवळ बघायची असतील त्यांनी साताऱ्याकडच्या औंधला जावं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात ती आहेत. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. वाटेत वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघितलीत तर सपाट रंगातले देव आणि तैलरंगातले देव एकाच दिवशी बघून होतील.

---

शुक्रवारपेठी

जर आजेसासूबाईंच्या धाकट्या नणंदेने लावली, वेणू तिचं नाव. सासूबाईंना विचारलं तर लगेच म्हणाल्या. बालविधवा होती, माहेरीच राहिली, उरलेल्या जरीच्या काठांचे तुकडे डब्यात साठवायची. पुडीवर लिहून ठेवलं.